दीड नंबर

शेजारच्या गुंडेटी सरांनी आयुष्यात कुणाला मार्क दिले नाहीत. दिले ते नंबर. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस गॅलरीतून ओरडून सांगे, "आजचं ऊन यंदाचं तिसरं." माझे पोहे कायम दुसरे. पहिले कुणाचे, असं विचारलं की चष्मा पुसत बसायचे.

एकदा वैतागून म्हटलं, दहापैकी काय ते मार्क द्या आणि सोडा. सर चिडले. "सात आणि आठमधलं अंतर कुणी मोजलंय, ताई? आधी कोण, नंतर कोण, एवढंच खरं की." आणि दोघं बरोबरीचे निघाले, तर पहिली-दुसरी जागा वाटून प्रत्येकाला दीड नंबर. सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत त्यांनी दोघींना दीड-दीड दिला. दोघीही वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

एप्रिलमध्ये भर दुपारी सर छाती धरून माझ्या दारात. शर्ट घामाने चिकटलेला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे ही गर्दी. तरुण डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती दुखतंय?



"आकडा देणार नाही," सर म्हणाले. "अंतर मोजता येत नाही, तर आकडा कसला?"

वाद घालतायत म्हणजे पित्त असेल, म्हणत डॉक्टर पलीकडच्या खाटेकडे वळले. सरांचे ओठ पांढरे पडत होते. मी डॉक्टरांची बाही धरून ठेवली.

"सर, मुतखड्याच्या वर की खाली?"

"वर."

"दाढेच्या?"

"वर."

"म्हणजे पहिला नंबर."

"दुसरा."

दुसराच ना, म्हणून डॉक्टर बाही सोडवू लागले. पहिला मला माहीत होता. सरांच्या पत्नी लक्ष्मीबाई गेल्या त्या सकाळीही ते असेच माझ्या दारात उभे होते.

"पहिला मनाचा आहे, डॉक्टर. शरीरात हाच पहिला. मशीन आणा."

मशीन आलं. कागदावरच्या रेघा बघितल्या आणि सगळे पळायला लागले.

सर घरी आले ते मीठ बंद करूनच. मी बिनमिठाचे पोहे केले. माझ्याच घशाखाली उतरेनात. आज शेवटचा नंबर, अशी तयारी ठेवून बशी पुढे केली. सर बराच वेळ चावत राहिले.

"दीड."

"उगाच मन राखू नका. मीठ नाहीये त्यात."

"लक्ष्मी पण विसरायची," सर म्हणाले, आणि आणखी वाढण्यासाठी बशी पुढे केली.