कडुबाभाऊंची बुडबुड

माझ्या थोरल्या नातवाच्या बारशाला समोरचे कडुबाभाऊ आले, पण पाळण्यात डोकावलेसुद्धा नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली बाळाची दुधाची बाटली उचलली, खिडकीच्या उजेडाला धरली, एक डोळा मिटला, बाटली सावकाश गोल फिरवली आणि भरल्या घरात जाहीर केलं, "बाद."

सूनबाई रडायचीच बाकी राहिली. बाटलीच्या तळाशी खरंच दुधाची बारीक पापडी निघाली, ही गोष्ट वेगळी.

कडुबाभाऊंना कुणाचा अपमान करायचा नव्हता. एमआयडीसीतल्या एका बिअरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी एका स्टुलावर गेली. समोर पांढरा दिवा, दिव्यापुढून जाणारी रिकाम्या बाटल्यांची रांग. कचरा दिसला, तडा दिसला की उचलायची आणि बाजूला काढायची. चांगली ती पास, उरलेली बाद. जगात तिसरं काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. रिटायर झाल्यावर स्टूल सुटलं, पण डोळ्याची सवय सुटली नाही. लग्नातलं ताक, दवाखान्यातलं सलाईन, रॉकेलची बाटली, सगळं आधी उजेडाला. "उजेडाला धरून बघावं माणसानं, वैनी. अंधारात समदंच पास असतंय." निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला, तर यांनी त्याचं पत्रक उजेडाला धरलं आणि त्याच्या तोंडावर त्याला बाद केलं. माझा चहा बाद, माझं लोणचं बाद. आमच्या ह्यांची नवी कवळी मात्र पास!

आणि एवढी वर्षं बिअरशेजारी काढून या माणसानं थेंब चाखला नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणत, "मी बाटलीचा माणूस. आत काय भरतात, ते भरणाऱ्याला ठावं."

आता माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तो दुष्काळातला उन्हाळा होता. गावाचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, आणि ते बायपासच्या पलीकडे फुगत चाललं होतं. जिकडं बघावं तिकडं नवी बिल्डिंग, तिच्यापुढं टँकर. आणि तिकडं पैठणच्या धरणात गाळ उरलेला. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही चहाच्या रंगाचं. त्यामुळे माझं नशीब उजळलं. मी साठीला टेकले होते, म्हणजे अक्कल न येण्याइतकी तरुण होते, आणि महिला मंडळानं गल्लीच्या पाण्याची व्यवस्था माझ्याकडे दिली होती. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्यावर शिट्टी. टँकर आला की शिट्टी, नळ आला की शिट्टी, कुणी चोरून मोटर लावली की लांब शिट्टी. बिअरच्या कारखान्यांना पाणी आणि आम्हाला का नाही, म्हणून क्रांती चौकात रिकामे हंडे घेऊन आम्ही गेलो, तेव्हा सगळ्यांत पुढे मीच. मंडळाची दारूबंदीची शपथही मीच लिहिली होती, यमकं जुळवून. आता ती वाचली की मलाच दारू प्यावीशी वाटते.

शिवाय माझ्याकडे एक विद्या होती. उंच ड्रममधलं पाणी काढायचं, तर नळीचं एक टोक आत बुडवायचं, दुसरं तोंडानं ओढायचं, पाणी आलं की टोक बादलीत सोडायचं. गडीमाणसं ओढून ओढून खोकत बसायची. माझं पाणी एका दमात. शिट्टीनं छाती तयार झालेली. गल्लीत कुणाचाही ड्रम अडला की मला बोलावणं यायचं, आणि मी सुईणीच्या रुबाबात जायची.

तर अशात एका दुपारी पार्सलवाला माझ्या दारात उभा.

"शिट्टीवाल्या काकू आपणच का?"

असं मला तोंडावर कुणी म्हणत नसे. पार्सलवर पत्ता कडुबाभाऊंचा होता आणि खूण म्हणून लिहिलं होतं, 'शिट्टीवाल्या काकूंच्या समोर'. पण माझं लक्ष खोक्यावरच्या चित्राकडे गेलं. फेसाळलेला ग्लास! शिट्टी आपोआप तोंडात गेली.

कडुबाभाऊ बनियनवरच धावत आले.

"काय मागवलंत हे?" मी म्हटलं.

"सामान हाय."

"कसलं सामान? मला फेस दिसतोय!"

"फेस चित्रात हाय, वैनी. आत नुसती काकवी हाय, जवाची. आन् पुड्या."

मी खोकं सोडलं नाही, त्यांच्या घरापर्यंत स्वतः पोचवलं आणि समोर बसून उघडायला लावलं. एक पांढरा ड्रम, त्याच्या झाकणाला रबरी नळी, एक पत्र्याचा डबा, खमिराची पुडी. डब्यात जवाच्या अर्काची काकवी. ती गरम पाण्यात कालवायची, ड्रममध्ये भरून गार होऊ द्यायची, खमीर टाकायचं, झाकण घट्ट लावायचं आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवायचं. आत आंबायला लागलं की पेल्यात बुडुक बुडुक होतं. कडुबाभाऊंनी सवयीनं डबा उजेडाला धरला. पत्र्यातून काय दिसणार? त्यांचा चेहरा पडला. "ह्याला कसं बघावं माणसानं?"

"घरात दारू गाळणार तुम्ही? पोलिसात जाईन मी!"

"गाळत नाय, आंबवू राह्यलो. तुम्ही इडलीचं पीठ आंबवता, मी गेलो का कधी पोलिसात? तुमच्या इडल्या बघून जायला पाहिजे व्हतं, ते सोडा."

"आणि ही प्यायची कुणी?"

"मी तर नाय पीत."

"मग हा खटाटोप कशाला?"

ते नळीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "संदीप बी करतो तिकडं. ह्येच सामान. त्यानं येत्या रविवारी लावायचं, मी बी त्याच रविवारी लावायचं, असं ठरलंय आमचं."

संदीप त्यांचा एकुलता एक, कॅनडात. मला वाटलं, बहाणा. दारुडा माणूस पहिल्यांदा पोराचंच नाव पुढं करतो, असं आमच्या शपथेतसुद्धा होतं.

पण आमच्या दोन घरांमध्ये गल्ली एवढी अरुंद, की त्यांच्याकडचा फोन मला ऐकू आल्यावाचून राहायचाच नाही. दर रविवारी सकाळी संदीपचा फोन येई. त्याची आई, गोदावहिनी, होत्या तोवर सगळं बोलणं त्याच करायच्या; कडुबाभाऊ मागे उभं राहून म्हणायचे, "नळ आला व्हता म्हणावं." वहिनी गेल्या आणि फोन कडुबाभाऊंच्या हातात आला. मग काय बोलणं? "बराय का?" "बराय." "जेवला?" "जेवलो." "पाणी आलं का?" "आलं." "ठेवू?" "ठेव." चहाला उकळी फुटायच्या आत फोन संपायचा. मग कडुबाभाऊ बराच वेळ वहिनींचा पाण्याचा पेला उजेडाला धरून पुसत बसायचे.

ड्रम लावल्यावरच्या पहिल्या रविवारी मात्र माझा चहा उकळून उतू गेला, तरी समोरचं बोलणं चालूच.

"तुझं किती बुडबुडलं? माझं लई जोरात... नाय, फडकं वलं करून गुंडाळलंय... तुझी आई रांजणाला गुंडाळायची तसंच... व्हय, व्हय!"

मी शिट्टी काढून खिळ्याला अडकवली. तेवढ्यापुरती.

पुढच्या दिवसांत कडुबाभाऊंची गत बघवेना. ऊन असं, की पत्र्यावर भाकरी भाजावी, आणि ड्रम तर गार राहिला पाहिजे. त्यांनी त्याला गोणपाट गुंडाळलं आणि आपल्या आंघोळीचं पाणी त्याच्यावर शिंपडू लागले. गोणपाट रोज नाहायचं, कडुबाभाऊ नाही. देवळात लोक त्यांच्यापासून लांब बसायला लागले. शेवटी त्यांनी ड्रम घरातल्या सगळ्यांत गार जागी नेला, म्हणजे मोरीत, पाण्याच्या दोन ड्रमांच्या शेजारी. हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी ते भाचीच्या साखरपुड्याला फुलंब्रीला गेले. किल्ली माझ्याकडे. पाण्याची पाळी नव्हती, म्हणून काही सांगून गेले नाहीत.

आणि नळाला पाणी आलं! पाळी नसताना! आमच्याकडे ताजं पाणी आलं की साठवलेलं शिळं पाणी वापरायला काढायचं आणि भांडी नव्यानं भरून घ्यायची, ही रीत. तहान लागो न लागो, शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. मी जोरात शिट्टी मारली, स्वतःचं भरलं आणि परोपकारानं पेटून कडुबाभाऊंच्या मोरीत शिरले. लाईट गेलेले. अंधारात तीन ड्रम, एकावर गोणपाट. दोन रिकामे होते, ते भरले. तिसरा भरलेला, आणि त्यात नळीसुद्धा आयती! माझ्यासाठीच ठेवल्यासारखी.

मी झाकण काढलं, नळी आत बुडवली आणि ओढली. एका दमात तोंड भरून आलं. आंबूस, गोडूस. मला वाटलं, तळाचं पाणी, गाळ आला असेल. खात्री करायला पुन्हा ओढली. मग सगळा ड्रम बादल्यांत उपसला, रंगाची शंकाही आली नाही, कारण त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी तस्संच दिसायचं. ते वापरायचं पाणी ओतून मी माझा आणि त्यांचा ओटा लख्ख धुतला, ड्रम ताज्या पाण्यानं भरला, झाकण आणि नळी जागच्या जागी लावली आणि गल्लीत येऊन शिट्टी फुंकली.

"बायांनो, शिळं पाणी कुणी पिऊ नका! वास मारतंय!"

शेजारची नसीमा धावत आली. तिनं आधी ओटा हुंगला, मग माझ्याजवळ येऊन थबकली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "आपा, पानी में से नै आरा. तुमारे मुँह में से आरा."

दारूबंदीची शपथ लिहिणारी बाई भर दुपारी ओट्यावर मटकन बसली.

संध्याकाळी कडुबाभाऊ आले. मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते, मला ते जमायचं. त्यांनी मोरीत जाऊन झाकण काढलं, वाकून बघितलं आणि झाकण लावलं. बाद म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "उद्या रविवार हाय, वैनी. आता काय बोलू त्याच्याशी?"

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी त्यांच्या मोरीच्या उंबऱ्यावर उकिडवी बसले होते. नळी मी झाकणातून उपटून घेतली होती. एक टोक पेल्यात, एक माझ्या तोंडात.

"बाबा, माझं तर थंडच पडलंय," फोनमधून संदीपचा आवाज आला. "तुमचं?"

कडुबाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी फुंकर मारली. बुडुक.

"ऐक," म्हणत त्यांनी फोन पेल्याजवळ धरला. बुडुक, बुडुक, बुडुक.

"बाप रे! अजून इतकं जोरात?"

"उन्हाळा हाय ना इकडं."

संदीप हसला. कडुबाभाऊही हसले. मी हसू शकत नव्हते. मग तिकडून तो म्हणाला, "बाबा, एक विचारू? तुम्ही कारखान्यात नेमकं काय करायचात? मला कधी नीट कळलंच नाही."

कडुबाभाऊ पाटावर टेकले. त्यांनी दिवा सांगितला, स्टूल सांगितलं, बाटल्यांची रांग सांगितली. नजर हटली की सुपरवायझर कसा ओरडायचा ते सांगितलं. सुट्टी झाली तरी डोळ्यांपुढून बाटल्या जातच राहायच्या आणि घरी आल्यावर गोदावहिनी डोळ्यांवर ओलं फडकं ठेवायच्या, तेही सांगितलं. "तू तवा निजलेला असायचा," म्हणाले. थांब असा हात काही त्यांनी मला केला नाही, म्हणून मी फुंकत राहिले. गाल दुखले, डोळ्यांपुढे काजवे आले, पण बुडबुड थांबू दिली नाही. ती थांबली तर बोलणंही थांबेल, असं मला उगाच वाटत होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्यापुढचा पेला उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडाला धरला आणि एक डोळा मिटला. आत त्या उन्हाळ्यातलं गढूळ पाणी, तळाला गाळ, वर माझ्या थुंकीचा फेस. त्यांनी तो सावकाश गोल फिरवून सगळीकडून बघितला.

"पास," म्हणाले.