दोन खवाट्यांमधील मुलखाची मोहीम

दुखऱ्या पाठीच्या वाचकांस पुढेमागे उपयोगी पडावे, आणि घडले ते विसरोन जाऊ नये, म्हणोन खांद्यांखालील दोन खवाट्यांमधल्या, म्हणजे पाठीच्या दोन पसरट हाडांमधल्या, मुलखाचे वर्तमान येथे लिहिले आहे. पदरचे काही घातलेले नाही.

ते समयी घरचे धनी वडील, घड्याळे दुरुस्त करणारे. त्यांचा रिवाज ऐसा की, रविवारी दुकान बंद असता लेकीस पाठमोरी उभी करावी, तिचे हात छातीवर घडी घालोन घ्यावे, मागोन कवेत धरोन चार बोटे उचलावे, आणि पाठीत 'कट्ट' ऐसा आवाज उठला की विचारावे, "काय, बरं वाटलं?" आणि लेकीने लहानपणापासोन एकच जबाब द्यावा, "छे! काही फरक नाही." बरे वाटत असे. परंतु कबूल करणे म्हणजे किल्ला हवाली करणे, हे दोन्ही पक्षांस ठाऊक होते.

पुढे लेक मुद्रितशोधक जाहली, दिवसभर छापील कागदांवर मान घालोन बसू लागली, आणि वाचनाचा नाद बहुत, म्हणोन पाठ मोडण्याचे तमाम धोकेही वाचोन बसली. मग एका रविवारी वडील बाह्या सारोन चालोन आले, तो तिने फर्मान काढिले की, "बाबा, हे आता बंद. तुमचं वय काय, माझे मणके काय! शिकलेल्या माणसाचं काम आहे ते." वडील हसोन "बरं बाई, पुस्तकं जिंकली" म्हणाले, आणि डोळ्यास भिंग लावोन शेजारणीच्या गजराच्या घड्याळात शिरले. सोमवारी दुकानात, त्याच घड्याळापाशी, हृदयाने दगा दिला. घड्याळ तेवढे चालू जाहले होते.

मग महिना उलटला, आणि ठणक्याने लेकीच्या खवाट्यांमध्ये ठाणे दिले. आईसाहेबांनी गरम पाण्याची पिशवी रवाना केली, धाकट्या भावाने मलमाची कुमक पाठविली, आणि गनीम तसूभर हटेना. छापखान्यातील बाइंडरकाका बोटे मोडीत पुढे सरले की, "मान द्या ताई, एका झटक्यात मोकळी करतो." त्यांस जबाब गेला, "काका, तुमचा हात पुठ्ठ्याला बरा." अखेर आईसाहेबांचा हुकूम सुटला, "वाचून पाठ बरी होत नसते. ऊठ!"

फिजिओथेरपिस्ट बाईसाहेब मोठ्या मुत्सद्दी. हात लावण्याआधी कसून चौकशी केली: कधी पडलात काय, हाडे ठिसूळ काय, हातापायांस मुंग्या वा बधिरपणा, ताप, छातीत कळ, रक्त पातळ करणारी गोळी? सर्व नाही ऐसे ठरले, पाठ तपासोन पाहिली, आणि मग तहाची कलमे ऐकविली की, मान पिळणार नाही. दोन दिवस अंग ठणकेल, घाबरू नये. आवाजाने हाड जागी बसते ही कल्पना सोडावी. आणि झटक्याने थोडा उतार पडेल, परंतु खरी लढाई रोजच्या व्यायामाची. "नको वाटलं तर 'थांबा' म्हणा. मग? करू?"

लेक वाचलेले सारे ताडोन पाहत होती, आणि एकही चूक सापडेना, याचा तिला किंचित रागही आला. मान हलवोन तिने रुकार दिला. बाईसाहेब मागे उभ्या राहिल्या, आणि पुढील हुकूम सुटण्याआधीच लेकीने दोन्ही हात छातीवर घडी घालोन घेतले.

"अरे वा! आधी केलंय वाटतं कुणी?"

मागोन कव पडली, पाय चार बोटे उचलले, कट्ट.

"काय, बरं वाटलं?"

'छे' ओठांपर्यंत आले, आणि तेथोनच माघारी फिरले.

येणेप्रमाणे, अमुक वारी, सकाळी साडेदहाचे सुमारास, खवाट्यांमधील मुलूख फत्ते जाहला. गनीम पुरता गेला नाही, व्यायाम जारी आहे. किल्ला मात्र त्याच घटकेस हवाली जाहला. हवाली करितेवेळी लेक समोरच्या भिंतीकडे पाहोन मोठ्याने बोलली, ते शब्द जैसे बोलली तैसे लिहिले:

"बरं वाटलं, बाबा. दर वेळी वाटायचं."