दुसऱ्या कडव्यातला पाढा

नगरपालिकेच्या रॉक समीक्षकाने मृण्मयीच्या अंगाईला पाचापैकी दीडच तारा दिला, त्या रात्री घरात तीन वर्षांची कुहू तेवढी झोपली.

समीक्षण दुधाच्या पिशवीबरोबर आलं होतं, आणि मृण्मयीला ते पाठ झालं होतं. ‘गेल्या वर्षी ही बाई बेसूर होती, पण खरी होती. “चांदोबा, सरक, माझ्या कुहूला जागा दे” असं ठणकावायची तेव्हा खिडकीची तावदानं थरथरायची. आता दुसऱ्या कडव्यात बेचा पाढा घुसलाय. शाळाप्रवेशाला शरण गेलेली अंगाई. झोप येते, ती कंटाळ्याने.’

बेसूर ठीक होतं. कॉलेजच्या समूहगीतातही तिला नुसते ओठ हलवायला सांगत. पण शरण? आणि समोरच्या फडणीसकाकूंच्या कुकरला चार तारे? ‘बेधडक शिट्ट्या’ म्हणे!

सकाळी ती कुहूला कडेवर घेऊन कार्यालयात पोचली. समीक्षक बाबर्डेकर पोहे खात होते. पांढरी शेंडी रबरबँडने बांधलेली, काळ्या टीशर्टवर खाकी कोट.

“तुम्हाला गाता येतं?” तिने विचारलं.

“अजिबात नाही. येत असेल तर ही नोकरी देत नाहीत.”

“मग अंगाईतलं तुम्हाला काय कळतं, कप्पाळ?”

“रोज खिडकीखाली उभा राहून ऐकतो, बाई. डास फोडून काढतात.” त्यांनी चमचा खाली ठेवला. “पलीकडे सौम्य समीक्षक बसतात. सगळ्यांना साडेतीन तारे आणि ‘श्रवणीय’. तुमचं घर त्यांच्याकडे वळवू?”

सौम्य समीक्षक तिच्याकडे पाहून छान हसले. त्यांच्यापुढे चिटपाखरू नव्हतं. बाबर्डेकरांसमोरची रांग मात्र जिन्यापर्यंत गेली होती, आणि रांगेतला जो तो आपलं समीक्षण शेजाऱ्याला संतापाने, एक शब्द न चुकवता म्हणून दाखवत होता.

“श्रवणीय?” मृण्मयी कडाडली. “श्रवणीय आमचा पंखा आहे! बोल लावायचे तर तुम्हीच लावा, पण खरे लावा. हौस म्हणून घातला का मी पाढा? सोमवारी बालवाडीची मुलाखत आहे. परक्या माणसासमोर ही पोर तोंड उघडत नाही. निदान पाढा तरी येईल तोंडातून, म्हणून...”

बाबर्डेकर गंभीर झाले. “हे खिडकीखाली ऐकू आलं नाही. फेरविचार करता येईल, पण नियमाप्रमाणे श्रोत्याचा जबाब लागतो.” त्यांनी टेबलावरून वाकून विचारलं, “काय हो कुहूताई, आईची अंगाई कशी वाटते?”

मृण्मयीने सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

“तू थांब,” कुहू म्हणाली. मग बाबर्डेकरांकडे सरळ बघत म्हणाली, “आधीची बरी होती. पण चांदोबा सरकतच नाही. एक तारा.”