भोईरदादांचे साहेब

आमच्या शेजारचे बाळाराम भोईर गिऱ्हाइकाला ‘अरे’ म्हणतात आणि कंप्युटरला ‘अहो’. नवखा माणूस गोंधळतो. दुकानात दादा एकटेच दिसतात आणि आतून आवाज येतो, ‘अहो साहेब, जरा बघा की, नवरीला सहा बोटं दिलीत तुम्ही!’ माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच आहे, त्यामुळे मला आता काही वाटत नाही.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ दादांचं बॅनरचं दुकान. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं एकाच दारात. पूर्वी ते हातानं बोर्ड रंगवायचे. मग फ्लेक्स आला आणि रंगाचे डबे माळ्यावर गेले. मग कल्याणच्या जावयानं कंप्युटरमध्ये एजंट बसवून दिला. एजंट म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. फोनमध्ये बोलून त्याला ऑर्डर सांगायची. तो ती समजून घेतो, चित्रं काढणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राकडे आपणच जातो, चित्र काढून घेतो आणि दर चित्राचे पैसे दादांच्या खात्यातून चुकते करतो. मध्ये माणूस कुठेच नाही.

हे माझ्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले. दादांना ऐकताक्षणीच कळलं. ‘जॉबवर्क हाय वयनी. शेठ सूत देतो, लूमवाला विणून देतो, मीटरवर पैशे घेतो. यात नवीन काय?’ अख्खी भिवंडी अशीच चालते, तेव्हा मी मान डोलावली.

पण जॉबवर्क म्हटलं की फॉल्टचा माल परत करायचा हक्क आला, अशी दादांची समजूत. यंत्राचा कायदा वेगळा. चित्र आवडो न आवडो, निघालं की पैसे गेले. दादांना हे मंजूर नाही. ‘माल परत!’ असं ते फोनमध्ये ओरडतात आणि फॉल्ट सांगतात. बैलाची शिंगं कानातून निघालीत. उमेदवाराला दोन्ही हात उजवेच. एजंट दर वेळी नम्रपणे लिहितो, ‘अगदी योग्य निरीक्षण! लगेच सुधारून देतो,’ आणि पुन्हा पैसे कापतो. दादा ते मला येऊन वाचून दाखवतात. ‘बघा. योग्य निरीक्षण. एवढ्या वर्षांत नाक्यावर मला असं कोन बोललंय?’ कुणीच बोललेलं नाही, हे खरं आहे. आणि कुणी बोलावं अशी त्यांनी सोयही ठेवलेली नाही.

ऑर्डर सांगता सांगता मध्येच चहावाल्याला हाक मारायची त्यांची खोड. त्यामुळे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्याच्या दोन्ही हातांत कटिंगचे ग्लास आले. पुढाऱ्याला आवडलं. लोकांत मिसळणारा वाटतो, म्हणाला. दादा मात्र दिवसभर फुरंगटून होते, कारण माल परत करायची संधी गेली.

गेल्या उन्हाळ्यात अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरून सोमा आणि त्याची बहीण जानकी आले. आई वारली होती, दुसऱ्या दिवशी तिचं दिवसकार्य होतं. आता पाड्यावरही फोटोला हार घालतात आणि यांच्याकडे फोटोच नव्हता. होतं ते चुलीच्या धुरानं काळवंडलेलं आधार कार्ड. त्यावर चेहऱ्याच्या जागी एक डाग. मी माझ्या मशीनवर तो मोठा करून पाहिला. डाग मोठा झाला.

‘मग कशी व्हती सांगा,’ दादा म्हणाले. ‘आमचे साहेब काढतील.’

सोमा म्हणाला, नाक बसकं होतं. जानकी म्हणाली, ‘न्हाय रं, सरळ व्हतं.’ पहिली बाई आली ती गोरीपान, कानात मोत्यांच्या कुड्या, मागे देऊळ. ‘ही कुनाची तरी पाटलीन हाय,’ जानकी म्हणाली. माल परत. दुसरी आली ती चष्मा लावून. तिसरी सोमाला पसंत पडली, तर जानकी रडायलाच लागली. ‘आमची आय अशी रागीट न्हवती.’ दादा परत करत राहिले, साहेब ‘योग्य निरीक्षण’ म्हणत राहिले. ऊन उतरलं, त्या दोघांना गाडी पकडायची होती आणि खात्यात एका चित्रापुरते पैसे उरले. पैसे भरणारा जावई ड्युटीवर, फोन बंद. हे चित्र चुकलं असतं तर उद्या हार घालायला आईच नव्हती.

दादांनी दोघांना बाहेर बाकड्यावर बसवलं. मी आधार कार्ड टेबलावर ठेवायला आत गेले होते, तिथेच उभी राहिले.

‘अहो, ऐका,’ दादा फोनमध्ये म्हणाले. आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. ‘बाई सावळी. कपाळ रुंद. डावी पापनी जराशी उतरलेली. पुढच्या दातात फट, म्हनून व्हट दाबून हसते. डोईवरला पदर मागं घसरलाय. सावरायला तिचा हात मोकळा नसतो.’

चहावाल्याला हाक मारली नाही.

चित्र आलं. दादा बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी एकही फॉल्ट काढला नाही. मग दोघांना आत बोलावलं. जानकीनं पडद्यावर तळहात ठेवला. ‘आय,’ एवढंच म्हणाली. सोमा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बॅनरची गुंडाळी घेऊन ती दोघं गेल्यावर मी विचारलं, ‘दादा, त्यांची आई कशी दिसायची, हे तुम्हाला कसं ठाऊक?’

‘मला कुठं ठाऊक? मी आमचीच सांगितली.’

ती गेली तेव्हा दादा लहान होते. तिचाही फोटो नव्हता. जन्मभर भिंतींवर देव काढले, पुढारी काढले, पण तिचा चेहरा हातातून कधी उतरला नाही, असं ते म्हणाले.

‘मग त्यांना सांगायला नको का?’

‘लेकीनं वलखली ना? मग ती तिचीच.’

मी टेबलावरचे कागद नीट लावत बसले.

‘उद्या तिला हार घालतील,’ दादा म्हणाले. ‘ती गेली तवा आमच्याकडं खायचे वांधे व्हते. हार कोन घालतो?’

शटर ओढायला ते उठले आणि अर्ध्यावर थांबले.

‘मी पन जातो उद्या पाड्यावर. वयनी, आयला कंचा हार घेत्यात? मी कवा घेतला न्हाय.’