पाच सेकंदांत हयातीचा दाखला

वैद्यबुवांनी सोमवारच्या बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं, की बुधवारी दुपारी दोनपर्यंत ब्रोकर ठणठणीत झालेला असेल आणि तीनच्या ठोक्याला आपण घरी निघालेलो असू. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. तिथे कुणी त्या लिहून घेतल्या नाहीत, हे त्यांचं नशीब म्हणायचं.

वैद्यबुवा काही खरे वैद्य नव्हते. ते इंजिनिअर होते. यंत्र बिघडलं की आधी त्याच्या कपाटावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायची त्यांना सवय होती, आणि समोरच्या टेबलावरच्या शंकासुराने त्यावरून हे नाव पाडलं होतं. शंकासुराचं काम दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढण्याचं. त्याचं नाव कुणी पाडलं ते वेगळं सांगायला नको.

ही कंपनी बसथांब्यांवरचे बोर्ड चालवते. बस दोन मिनिटांत येईल, पाच मिनिटांत येईल असं सांगणारे ते बोर्ड. प्रत्येक बस आपण कुठे आहोत ते सारखं कळवत असते, आणि ते सगळे निरोप मधल्या एका यंत्राकडे येतात. त्याला ब्रोकर म्हणायचं. ब्रोकर हे निरोप मागे बसलेल्या आठ यंत्रांना वाटून देतो, आणि ती आठ यंत्रं बोर्डांवर आकडे चढवतात. कुठल्या यंत्राने कुठल्या मार्गाच्या बस सांभाळायच्या हे ठरलेलं असतं. शिवाय प्रत्येक यंत्राने ब्रोकरला थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ असं कळवायचं असतं. पेन्शन घेणारी माणसं वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतात ना, तसंच. फक्त इथे वर्षाऐवजी सेकंद. दाखला वेळेत आला नाही, की ते यंत्र गेलं असं धरायचं आणि त्याचे मार्ग उरलेल्यांत वाटायचे.

तर गेले अडीच आठवडे रोज दुपारी दोनला हे गाडं अडत होतं. आठही यंत्रं ‘ब्रोकरकडून वेळेत उत्तर नाही’ म्हणून टाहो फोडायची, आणि बोर्ड पाऊण-एक तास जागच्या जागी गोठायचे. दोनला निघून गेलेली बस पावणेतीनलाही ‘दोन मिनिटांत’ येत असायची. एका बसच्या ड्रायव्हरने तर थेट ऑफिसात फोन केला.

“साहेब, मी थांब्यावर उभा आहे. बससकट. तुमच्या बोर्डावर मी नाही.”

“तांत्रिक अडचण आहे,” वैद्यबुवा म्हणाले.

“ते असू दे हो. पण माणसं बोर्ड बघतात आणि बसमध्ये चढत नाहीत. म्हणतात, ही ती नव्हे. मी त्यांना काय सांगू?”

“सांगा की तुम्ही आहात.”

“सांगितलं. बोर्डाकडे बोट दाखवतात.”

मॅडम ऑफिसच्या प्रमुख. बुधवारपर्यंत हे थांबलं नाही तर बोर्ड बंद करून थांब्याथांब्यावर छापील वेळापत्रक चिकटवू, असं त्यांना वरून ऐकवण्यात आलं होतं. पण वैद्यबुवांची खरी धास्ती वेगळी होती. बुधवारी चार वाजता त्यांच्या लेकीच्या शाळेत नाटक होतं. त्यात लेकीला एक वाक्य होतं. याआधीच्या दोन नाटकांना वैद्यबुवा पोचले नव्हते. एकदा यंत्र बंद पडलं म्हणून आणि एकदा ते सुरू झालं म्हणून. सोमवारी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता लेक त्यांना म्हणाली होती, “बाबा, येणार नसशील तर आत्ताच सांग. म्हणजे मी तुला शोधत बसणार नाही.”

हे ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली.

“येणार म्हणजे येणार,” ते म्हणाले. छाती पुढे काढायला सुरुवात झाली ती तिथूनच.

इथे त्यांच्या घरातल्या फ्रिजबद्दल सांगायला हवं. एकदा त्यांची बायको दुकानाबाहेर तासभर यांची वाट बघत उभी राहिली होती. त्यावर माफी मागायची सोडून वैद्यबुवांनी नियम केला. ‘दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर मी नाही असं धरावं आणि पुढची सोय करावी. कुणी कुणासाठी अडकून राहू नये.’ बायको म्हणाली, “लिहून दे.” त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली आणि कागद फ्रिजवर लावला. स्वतःच्या या नियमावर ते इतके खूश झाले, की ऑफिसातही त्यांनी तो मॅडमच्या गळी उतरवला. माणसं काय आणि यंत्रं काय, म्हणाले, शिस्त एकच.

मंगळवारी वैद्यबुवांनी ब्रोकरला हात घातला. त्याची मेमरी दुप्पट केली. केबल बदलली. कपाटावर तळहात ठेवून डोळे मिटले. दुपारी दोनला सगळं अडलं. मग त्यांनी ब्रोकरचा सगळा संसार उचलून नव्या कोऱ्या यंत्रावर नेला. बुधवारी दुपारी दोनला सगळं अडलं, आणि यंत्र नवं असल्यामुळे ते जरा जास्तच जोमाने अडलं.

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं तर नाही ना?” शंकासुराने विचारलं. “महिन्याभरात कुणी काय काय बदललं ते एकदा बघू या. नोंदवहीत असेल.”

“जुनी मढी उकरून काय मिळणार?” वैद्यबुवा म्हणाले. “दोष ब्रोकरमध्येच आहे. मला नाडी कळते.”

सव्वादोनला मॅडम आल्या. “झालं?” अडीचला आल्या. “कुठवर आलं?” मग दर पाच मिनिटांनी येऊ लागल्या. त्यांना उत्तर देऊन वैद्यबुवा मान खाली घालेपर्यंत पुढचा प्रश्न दारात हजर. शेवटी पावणेतीनला ते लॅपटॉप उचलून मागच्या जिन्यात जाऊन बसले. जिन्याच्या जाड भिंतींमुळे तिथे फोन लागत नसे, आणि त्यांना तेच हवं होतं. पंधरा मिनिटं त्यांना इतकी शांतता लाभली, की आपण कुणाला काही सांगून आलेलो नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

तीनला ते परत आले तेव्हा त्यांच्या खुर्चीत टेस्टिंगचा एक जण बसलेला होता. टेबलाभोवती अख्खा विभाग जमला होता आणि मॅडम फळ्यावर नावं लिहीत होत्या.

“हे काय?” वैद्यबुवांनी विचारलं.

“तुम्ही दहा मिनिटं उत्तर दिलं नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “नियमाप्रमाणे तुमचं काम तिघांत वाटलं.”

“पण मी आहे ना!”

“आता आहात. मघाशी नव्हतात. तुम्हाला परत घ्यायचं तर पुन्हा वाटणी करावी लागेल. बसा सगळे.”

सगळे बसले. ज्याच्या हातात जे काम होतं ते त्याने खाली ठेवलं, कारण वाटणी चालू असताना काम करायचं नाही, हाही वैद्यबुवांचाच नियम होता. वाटणी संपत आली तेवढ्यात लक्षात आलं, की तिघांपैकी एक जण पाणी प्यायला गेला आहे आणि हाकेला ओ देत नाही. मॅडमनी त्याचं नाव पुसून त्याचं काम उरलेल्यांना दिलं. तो तोंड पुसत परत आला. “मी आहे,” तो म्हणाला. मॅडमनी पुन्हा खडू उचलला. एवढ्यात दुसरा, आपल्या वाट्याला नक्की काय आलं ते शोधायला, आपल्या टेबलाकडे गेला आणि तोही बाद झाला.

शंकासुर खुर्चीत मागे रेलून हे सगळं बघत होता.

“मॅडम, एक शंका,” तो म्हणाला. “आपण सात जण वीस मिनिटं नुसती वाटणी करतोय. काम कोण करतंय?”

वैद्यबुवा फळ्याकडे बघत राहिले. पुसलेली नावं, पुन्हा लिहिलेली, पुन्हा पुसलेली. इथे कुणीही मेलेलं नव्हतं. सगळे जरा उशिरा ओ देत होते, एवढंच. आणि मॅडमना कुणी काही विचारलं असतं तरी त्या वेळेत उत्तर देऊ शकल्या नसत्या, कारण त्यांच्या हातात खडू होता.

“ब्रोकरच्या हातातही खडूच आहे,” वैद्यबुवा पुटपुटले.

“काय?”

“दोनला बसच्या पाळ्या बदलतात. सगळे ड्रायव्हर एकदम हजेरी लावतात, निरोप तिप्पट येतात. आपल्या आठ यंत्रांना धाप लागते आणि दाखला द्यायला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात ब्रोकर त्यांना मेलेलं धरतो आणि वाटणीला बसतो. म्हणून तो उत्तर देत नाही. तो आजारी नाहीच, तो बैठकीत आहे!”

“पण सात-आठ सेकंद म्हणजे काहीच नाही,” मॅडम म्हणाल्या. “दाखल्याची मुदत तीस सेकंद आहे ना?”

शंकासुराने न विचारता बदलांची नोंदवही पडद्यावर उघडली आणि एखादं आमंत्रण वाचावं तशी वाचून दाखवली. अठरा दिवसांपूर्वी. दाखल्याची मुदत तीस सेकंदांवरून पाच सेकंद. कारण, ढिलाई नको. बदल करणाऱ्याच्या रकान्यात वैद्यबुवांचं खरं नाव होतं. ते ऑफिसात इतक्या दिवसांत कुणी घेतलं नव्हतं, त्यामुळे हे कोण, असं दोघांनी विचारलंसुद्धा.

“काखेत कळसा,” शंकासुर म्हणाला, आणि सज्जनपणे तिथेच थांबला.

वैद्यबुवांनी पाचाचे पुन्हा तीस केले. त्याला अकरा सेकंद लागले. तीन वाजून बावीस मिनिटांनी बोर्ड हलले. मॅडमनी सुस्कारा सोडला, आणि वैद्यबुवांनी खिशातून फोन काढला.

बायकोचा पहिला निरोप होता दोन पन्नासचा. ‘निघतोयस ना?’ दुसरा तीनचा. ‘ठीक आहे. सोय केली.’

दोन्ही जिन्यातल्या शांततेत येऊन पडले होते. त्यांनी फोन लावला, तो लागला नाही. ती लवकर जाऊन बसली असणार, आणि नाटकाच्या सभागृहात शिरतानाच फोन बंद करायचे असतात. वैद्यबुवा जिने उतरून थांब्यापर्यंत पळत सुटले. बोर्डावर लिहिलं होतं, ‘एक मिनिट’. एका मिनिटाने बस आली. वैद्यबुवांना स्वतःच्या कामाचा इतका पडताळा आयुष्यात कधी आला नव्हता. ते चढताना शाळेच्या मागचा थांबा कधी येईल म्हणून विचारू लागले, आणि ड्रायव्हरने त्यांचा आवाज ओळखला.

“साहेब, आज बोर्डावर मी आहे,” तो म्हणाला.

“आहात,” वैद्यबुवा म्हणाले. “तुम्ही पहिल्यापासून होतात. चूक माझी होती.” हे वाक्य त्यांनी ऑफिसात म्हटलं नव्हतं, घरी तर नाहीच. त्या माणसाला मात्र ते सहज सांगता आलं.

सभागृहाच्या दारात ते चार वाजून सहा मिनिटांनी पोचले. दारातल्या शिक्षिकेने यादीवर बोट फिरवलं.

“या मुलीचे पालक आत आहेत. दोन्ही.”

“दोन्ही कसे असतील? मी इथे आहे.”

“आई आणि बाबा, दोन खुर्च्या. दोन्ही भरल्यात,” ती कुजबुजली. “आता दार उघडता येणार नाही. बाजूच्या खिडकीतून बघा हवं तर.”

वैद्यबुवांनी व्हरांड्यातल्या खिडकीच्या काचेला नाक लावलं. दुसऱ्या रांगेत बायको बसली होती आणि तिच्या शेजारी, त्यांच्या खुर्चीत, मेव्हणा. इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून. वेळेवर आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. वैद्यबुवांना त्याचा राग आला, आणि राग यायला काही कारण नाही हे कळल्यामुळे आणखी आला.

रंगमंचावर पुठ्ठ्याचं दीपगृह होतं. लेक त्याची राखणदार झाली होती, कंबरेला पट्टा, हातात कंदील. बोट अजून आली नाही, दिवा विझवू या का, असं सगळी मुलं तिला विचारत होती. आता तिचं वाक्य होतं. ती पुढे आली. तिने दुसऱ्या रांगेकडे बघितलं आणि ती थांबली.

ती थांबलेलीच राहिली. सभागृहात कुणीतरी खोकलं. वैद्यबुवांनी नकळत सेकंद मोजायला सुरुवात केली. पाच झाले. दहा झाले. लेकीची नजर रांगेरांगेतून फिरली, भिंतीवर गेली, खिडकीवर आली. वैद्यबुवांनी दोन्ही हात वर करून हलवले. पंचवीस सेकंदांनी लेकीने कंदील उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आणखी थोडी वाट बघू!”

वैद्यबुवांचे डोळे भरून आले. काचेवर वाफ धरली, त्यामुळे पुढचं नाटक त्यांना दिसलंच नाही.

संध्याकाळी घरी, मेव्हणा टेबलावर चहा पीत असताना, त्यांनी लेकीला जवळ घेतलं. “माझ्यासाठी थांबलीस ना गं तू?”

“नाही बाबा. वाक्य विसरले होते. मामाने ओठ हलवून सांगितलं.”

मेव्हण्याने सभ्यपणे कपात बघितलं. बायकोने फ्रिजवरचा कागद काढून वैद्यबुवांपुढे ठेवला, आणि त्यावर पेन ठेवलं. त्यांनी दहा खोडून तीस केले. सवयीने खाली ‘कारण’ असंही लिहिलं आणि तिथे पेन अडलं.

“लिही,” लेक म्हणाली, “बाबा उशिरा येतो, पण येतो.”

वैद्यबुवांनी ते जसंच्या तसं लिहिलं.

“आणि खाली अजून एक लिही,” लेक म्हणाली. “मामाला तरीही बोलवायचं.”