जिव्हाळ्याचा पुरावा

सासूचे यकृत निकामी झाले होते आणि सुनेचे तिला जुळत होते, एवढ्या साध्या गोष्टीवरून हे प्रकरण उद्भवले. मुलाच्या यकृतावर चरबी निघाली, मुलीचा रक्तगट जमला नाही. लिफ्ट दुरुस्त करणारी सून मात्र सगळ्या तपासण्यांत उत्तीर्ण झाली. शल्यविशारद म्हणाले, "तीन आठवडे हातात आहेत. नंतर माझाही इलाज चालणार नाही. फक्त समितीच्या सह्या आणा."

रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर अवयवदान मंजुरी समिती बसत असे. कोणी दबावाखाली किंवा लोभापायी अवयव देत नाही ना, हे पाहणे तिचे काम होते. आणि तसे काही दिसले नाही, तर दिसेपर्यंत पाहत राहणे हा तिचा लौकिक होता. अर्जाच्या सातव्या रकान्यात जिव्हाळ्याचा पुरावा जोडायचा होता. सुनेने लग्नातला फोटो जोडला. त्यात सासू एकीकडे पाहत होती आणि सून दुसरीकडे.

"तुम्ही यकृत का देताय?" अध्यक्षांनी विचारले.

"त्या आजारी आहेत म्हणून."

"ते झालं वैद्यकीय कारण. खरं कारण सांगा."

सुनेने पुन्हा तेच कारण सांगितले. तेवढ्यात चिटणीसबाईंनी अडचण काढली. "साहेब, काळजाचा तुकडा म्हणजे पोटचं मूल. सुनेचा तुकडा कुठे नोंदवायचा?" त्यावर उपसमिती नेमण्यात आली आणि आठवडा गेला. सासूचे डोळे पिवळेजर्द झाले.

दुसऱ्या बैठकीसाठी शेजाऱ्यांचा दाखला मागवला. शेजारीण नेमकी सत्यवादी निघाली. तिने लिहून दिले, 'अकरा वर्षं पाहतेय. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचं रोज वाजतं. रविवारी दोनदा.' समितीने शेरा मारला: जिव्हाळा आढळत नाही, सबब लोभाचा संशय.

मग नवऱ्याने दोघींची तालीम घेतली. तिसऱ्या बैठकीला मुदतीचे चार दिवस उरले होते. चाकांच्या खुर्चीतून सासू म्हणाली, "माझी सून म्हणजे लेकच हो!" सून म्हणाली, "आई म्हणजे देवमाणूस!" समितीचे पाचही सभासद सावरून बसले. प्रत्येकाच्या घरी सासू नाहीतर सून होतीच. शेरा पडला: एवढा जिव्हाळा नैसर्गिक नाही, पढवून आणल्याचा संशय.

सुनेचे पित्त खवळले. "भांडलो तर प्रेम नाही, आणि गोड बोललो तर खोटं! माणसानं करायचं तरी काय?"

"ओरडू नकोस गं," सासू दमून म्हणाली. "जाऊ दे. माझं झालंय जगून."

"झालंय म्हणे! अकरा वर्षांत एका भांडणात मला जिंकू दिलं नाहीत, आणि आता मधेच उठून निघालात? मी नाही जाऊ देणार तुम्हाला!"

बोलता बोलता तिला रडू कोसळले. सासूने पदर डोळ्यांना लावला. ती गेली तर घर खायला उठेल, हे सुनेला पहिल्या दिवसापासून कळत होते. ते कोणत्या रकान्यात लिहायचे, एवढेच कळत नव्हते.

अध्यक्षांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे खुन्नस आहे! अहो, मग आधी नाही का सांगायचं?" खुन्नस हा हेतू समितीला समजण्यासारखा होता. 'जुना वाद, निकाल प्रलंबित' असे लिहून पाचही सह्या दोन मिनिटांत झाल्या.

शस्त्रक्रिया चौदा तास चालली. दोघी वाचल्या. शुद्धीवर येताच सासूने सुनेची चौकशी केली आणि सुनेने सासूची. प्रकरण बंद झालेले असल्याने याची नोंद कुठेही नाही.

नातेवाईक भेटायला आले. त्यांनी सुनेचे तोंडभरून कौतुक केले आणि व्हरांड्यात येऊन एकमेकांना हळूच विचारले, "घर कुणाच्या नावावर केलंय हो सासूनं?"

लेखकाला ते ठाऊक नाही. तुम्हाला हा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात पडला असेल, तर अर्ज करायला हरकत नाही; समितीवरची एक जागा लवकरच रिकामी होत आहे.