खोलकुटेजींचा प्रचार

वामनराव खोलकुटे मला नावानं हाक मारत नसत. कांचघर या आमच्या हिंदी भाषिक मोहल्ल्याच्या बाजारात मी वांगी निवडत असे आणि मागून खणखणीत आवाज येई, "चारशे बारा! काहून, एकटेच?" आजूबाजूची माणसं माझ्याकडे नुकत्याच सुटून आलेल्या कैद्याकडे बघावं तशी बघत. चारशे बारा हा मतदार यादीतला माझा अनुक्रमांक. चारशे तेरा माझी बायको. आमच्या लग्नाची तारीख मला दरवर्षी आठवावी लागते, पण हे दोन आकडे मी झोपेतही सांगेन.

खोलकुटेजी हे आमचे कायमचे अपक्ष उमेदवार. फॅक्टरीतून रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी विधानसभेला उभे राहिले. पडले. पाच वर्षांनी पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा मोहल्ल्यात कोणी हसलंसुद्धा नाही. हसायचाही शेवटी कंटाळा येतो.

अपक्षाला दहा प्रस्तावक लागतात. म्हणजे त्याच मतदारसंघातले दहा मतदार, जे सही करून सांगतात की या माणसाला उभं राहू द्या. पहिला प्रस्तावक नेहमी मी. माझा त्यांच्यावर विश्वास होता असं अजिबात नाही. मी शेजारी होतो, आणि शेजाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं धैर्य माझ्या अंगात नाही. त्यात मी खाजगी शाळेतला ड्रॉइंग मास्तर. त्यामुळे त्यांची निवडणूक निशाणी पत्रकांवर काढायचं कामही माझ्याच गळ्यात.

निशाण्या तरी कशा मिळाव्यात? पहिल्या वेळी शिलाई मशीन. लोक पँटची लांबी कमी करायला घेऊन आले. दुसऱ्या वेळी फुलकोबी. गळ्यात माझ्या हातची फुलकोबी अडकवून खोलकुटेजी दारोदार हात जोडत, आणि आतून आवाज येई, "भैया, कैसे दी?" मी एकदा म्हटलं, "खोलकुटेजी, लोकं आपल्याले भाजीवाले समजून राहिले."

"समजू द्या न," ते म्हणाले. "भाजीवाल्यासाठी दार तं उघडतात. लोकतंत्र आहे हो, मजाक नाही."

हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तरी लोकतंत्र आहे, मजाक नाही. जाहीरनामा मात्र एका ओळीचा : नळ कधी येणार ते लिहून द्या. चोवीस तास पाणी नको, मोफत नको, फक्त वेळ लिहून द्या आणि त्या वेळेला या. पंधरा वर्षांत त्या ओळीतला एक शब्द बदलला नाही. नळानंही आपली सवय बदलली नाही.

खरा प्रचार करायच्या त्या कुसुमवहिनी, त्यांच्या पत्नी. हे दारात उभं राहून पुरुषांना नळाचं सांगत, तोवर वहिनी थेट स्वयंपाकघरात पोचलेल्या. कोणाची सून कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या लोणच्याला बुरशी लागते, सगळं त्यांना ठाऊक. त्यांचं हिंदी आमच्या घरातल्या मराठीपेक्षाही मोडकं, पण बाया त्यांना सोडत नसत. तीनतीन मजले चढून दोघं संपूर्ण मतदारसंघ पायी फिरत. मी दोन गल्ल्यांत गळून ओट्यावर बसायचो.

आता एक कबुली. मी त्यांना सही दर वेळी दिली, मत एकदाही दिलं नाही. वाया जाईल असं वाटायचं. बूथवार निकाल लागतो तेव्हा सगळं उघड होतं. आमच्या बूथवर दहा प्रस्तावक, शिवाय ते आणि वहिनी, आणि मतं सहा. तो कागद हातात धरून ते माझ्या ओट्यावर बसले होते. माझी मान वर होईना.

"सही खुली असते, चारशे बारा," ते म्हणाले. "मत गुप्त असते. मी तुम्हाले सही मागतली होती. तुम्ही देली." आणि मग वहिनींनी पाठवलेल्या चिवड्याचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

दोन वर्षांपूर्वी कुसुमवहिनी गेल्या. आठ दिवसांचा ताप, बस. त्यानंतर खोलकुटेजींनी कोणाला नंबरानं हाक मारली नाही. त्याच सुमारास मुलानं सिव्हिल लाइन्सकडे फ्लॅट घेतला आणि आम्ही कांचघर सोडलं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वाटलं, चला, आता या माणसाचा प्रचार संपला आणि आपली सुटका झाली.

निवडणूक जाहीर झाली आणि चौथ्या दिवशी दारावरची घंटी वाजली.

"चारशे बारा, फॉर्म आणला."

शहात्तर वर्षांचा माणूस, लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढून आलेला. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "काहून हो आता? कोणासाठी?"

"ही एकच," ते म्हणाले. "याच्या पुढं सही नाही मागणार. पण ही मले लढू द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं गयावया करून काही मागितलं नव्हतं. मी सही केली. बाकी नऊ जणांची नावं त्यांनी नव्या यादीत बोट ठेवून एकेक तपासली होती. माझं तपासलं नाही. म्हणाले, "चारशे बारा कुठं जाते?"

चारशे बारा गेला होता. मुलानं आपला पत्ता बदलताना मोबाइलवरून आमची नावंही इकडच्या यादीत टाकून घेतली होती, आणि सिव्हिल लाइन्सचा मतदारसंघ वेगळा. त्यानं मला एकदा सांगितलंही असेल. मी हो म्हटलं असेल. मुलाच्या बोलण्याला हल्ली मी न ऐकताच हो म्हणतो.

छाननीच्या दिवशी अधिकाऱ्यानं यादी तपासली आणि म्हणाला, "दादाजी, ये प्रस्तावक तो यहाँ के मतदाता ही नहीं हैं." नऊ सह्या बरोबर, एक बाद, फॉर्म बाद. खोलकुटेजी भांडले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव काढून घेतलं तं सांगायचं असते, भाऊ," एवढंच म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते मला भाऊ म्हणाले, आणि मला ते फार लागलं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी माफी मागायला कांचघरला गेलो, तर हे पांढराशुभ्र सदरा घालून चपला चढवत होते.

"चला," म्हणाले, "प्रचाराले."

"अहो, पण आपण उमेदवारच नाही आहात!"

"फॉर्म रद्द झाला. पाय थोडेच रद्द झाले?"

आज नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. निमूट मागे निघालो. आपल्या गल्लीतल्या एकाही घरी ते थांबले नाहीत. बाजार ओलांडला, रेल्वे लाइन ओलांडली आणि पार पलीकडच्या क्वार्टरांत शिरले. तिथं ना त्यांचा कोणी नातेवाईक, ना फॅक्टरीतला सोबती. तिथं ते पाच वर्षांतून एकदाच जात. माझे गुडघे बोलू लागले होते.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी घंटी वाजवली. कणकेच्या हातांनी एका बाईनं दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला. "अरे चाचाजी! आ गए चुनाव? और चाची? चाची नहीं आईं?"

मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"घर पे है," खोलकुटेजी म्हणाले. "घुटने दुखते हैं उसके. सीढ़ी नहीं चढ़ती अब."

"हाय राम! रुकिए." ती आत गेली आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. "उन्हीं का बताया हुआ डाला है. इस बार बिल्कुल खराब नहीं हुआ. कहिएगा उनसे."

"कहूँगा," ते म्हणाले आणि बरणी दोन्ही हातांनी घेतली.

जिन्यात मी त्यांचा दंड धरला. ते म्हणाले, "आपल्या गल्लीत ती दोन वर्सं झाले गेली. इकडं अजून बातमी नाही आली. इकडं ती आहे." मग बरणी सावरत म्हणाले, "काही कामाशिवाय कोणाच्या दारात कसा जाऊ मी? म्हणून फॉर्म भरला होता."

मला माझी लाज वाटली. पंधरा वर्षं मी या माणसाची मतं मोजत होतो. या खेपेला त्याला एक मतही नको होतं, आणि नेमकी या खेपेलाच माझी सही खोटी निघाली.

पुढचं दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. डोळ्यांवर हात धरून त्यांनी खोलकुटेजींना ओळखलं, मग त्यांच्या मागं जिन्यात पाहिलं. "अकेले? बहनजी कहाँ हैं?"

बरणी छातीशी धरून खोलकुटेजी नुसते उभे राहिले.

"घर पर हैं," मी म्हणालो. "घुटनों की तकलीफ है. आपको नमस्ते कहा है."

"अच्छा, अच्छा," म्हातारा म्हणाला आणि त्यानं दार पूर्ण उघडलं. "अगली बार ज़रूर लाइएगा."

"लाऊँगा," खोलकुटेजी म्हणाले.